श्वानदंतांचा जमाखर्च

कार्डिफ शहरात आज एखाद्या गृहस्थाने आपल्या आठ-नऊ वर्षांच्या कुत्र्यास, तोंडाला दुर्गंधी येते एवढ्याच तक्रारीवरून, पशुवैद्याकडे नेले, तर तपासणी आटोपल्यावर बहुधा त्याच्या हाती एक अंदाजपत्रक पडते. आणि त्यावरील आकडा, जो दात काढावे न लागल्यास काहीशे पौंडांचा असतो व लागल्यास हजाराची वेस सहज ओलांडतो, तो वाचून त्याच्या मनात पहिला प्रश्न हाच उभा राहतो की, लांडग्याच्या या वंशजाने ज्या दंतशुद्धीवाचून सहस्रावधी वर्षे निर्वाह केला ती आजच एवढी अपरिहार्य आणि एवढी महाग का व्हावी? प्रश्न रास्त आहे. परंतु अंदाजपत्रकातील कलमे एकेक करून वाचली तर असे आढळते की दात खरवडण्याचे व घासण्याचे कलम त्यात अखेरचे आणि तुलनेने किरकोळ असून, त्याच्या आधी भुलीपूर्वीची तपासणी, रक्तपरीक्षा, शिरेतील सुई, भुलीची औषधे, श्वासनलिकेतील नळी, नाडी व श्वास यांवर अखंड नजर ठेवणारी परिचारिका आणि जबड्याची क्ष-किरण चित्रे अशी लांबलचक परंपरा उभी आहे. पैसा जातो तो प्रामुख्याने निद्रेचा, आणि त्या निद्रेतून जनावर सुखरूप उठावे म्हणून केलेल्या बंदोबस्ताचा. हा बंदोबस्त कसा घडला आणि त्याची गरज केव्हा उत्पन्न झाली, याचा वृत्तांत शोधू गेल्यास त्यातील पुष्कळसा भाग कार्डिफच्या गोदीत, तिच्या पाठीमागच्या कोळशाच्या खोऱ्यांत आणि शहराच्या मध्यभागी असलेल्या एका मैदानावर सापडतो.

१८०१ च्या शिरगणतीत कार्डिफची लोकसंख्या १,८७० भरली होती. तत्कालीन कोकणातील एखाद्या मध्यम बंदराएवढेही हे गाव नसावे. अशा गावातील कुत्रा मेंढरे वळी, उंदीर मारी, दारावर भुंके, आणि दात पडण्याचे वय येण्यापूर्वीच बहुधा कशाने तरी मरून जाई. त्याच्या दातांकडे कोणी पाहिलेच तर ते वय ठरविण्यासाठी. इंग्लंडात श्वानवैद्यकाचा पाया घालणाऱ्यांपैकी डेलाबेअर ब्लेन याचा कुत्र्यांच्या रोगांवरील ग्रंथ १८१७ सालचा. विल्यम यूअटचा १८४५ सालचा. आणि एडवर्ड मेह्यू याने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तर मुख, दात, जिव्हा व अन्ननलिका यांना स्वतंत्र प्रकरणच दिलेले आहे. तथापि हे ग्रंथ ज्यांच्या कुत्र्यांसाठी लिहिले गेले ते लंडनच्या दिवाणखान्यांतील धनिक होते. त्याच मेह्यूने त्याआधी पाच वर्षे घोड्याच्या मुखावर एक सबंध पुस्तक लिहिले होते, आणि त्या काळचा पशुवैद्य कोणाच्या दातांवर पोट भरीत असे याचे उत्तर त्यातच आहे. दाणा चावता न येणारा घोडा ओझे ओढीत नाही. म्हणून घोड्याचे दात कानशीने घासून सारखे करणे हा खर्च मालकाच्या वहीत भांडवली खर्च म्हणून चढत असे. कार्डिफच्या गोदीतील घोडे आणि खाणींच्या पोटात राबणारी तट्टे यांना हा मान होता. कुत्र्याला तो नव्हता.

१८३९ साली ब्यूटच्या मार्क्विसाने बांधविलेली पहिली गोदी सुरू झाली, आणि पुढील सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या गावाचे जगातील अग्रगण्य कोळसाबंदर झाले. १९१३ साली येथून एक कोटी टनांहून अधिक कोळसा परदेशी रवाना झाला. तो जाळीत जाणाऱ्या आगबोटींवर आपल्या रत्नागिरीकडचे खलाशीही होते, आणि गोदीलगतच्या टायगर बे वस्तीत अठरापगड मुलखांतील दर्यावर्दी उतरत असत. बोटी आल्या की त्यांची शिधासामग्री आली, आणि शिधासामग्रीत प्रमुख म्हणजे ते दगडासारखे टणक, महिनोन्महिने टिकणारे जहाजी बिस्कीट. कुत्र्यांसाठी तयार बिस्किटे विकण्याची कल्पना जेम्स स्प्रॅट नामक अमेरिकन गृहस्थास १८६० च्या सुमारास सुचली ती गोदीवरची कुत्री खलाशांनी फेकलेली बिस्किटे खाताना पाहून, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बंदराच्या धक्क्यावर ती सहज घडू शकली असती एवढे मात्र खरे. कार्डिफला याच व्यवसायातील एक मातब्बर घराणे नांदत होते. १८२९ साली ब्रिजवॉटर येथे जोएल स्पिलर याने धान्याचा व्यापार सुरू केला, पुढे पेढीने कार्डिफला गिरण्या उभारल्या, आणि ‘स्पिलर्स अँड बेकर्स’ या नावाने ती पिठाबरोबर जहाजी बिस्किटे व कालांतराने श्वानबिस्किटेही करू लागली. ईस्ट डॉकच्या बाजूची तिची जुनी तांबड्या विटांची वखार आजही उभी असून आता तीत लोकांची बिऱ्हाडे आहेत. (शहरातील १८९४ सालचे प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकांचे दुकान हेही स्पिलर्स नावाचेच, परंतु त्याचा आणि या पिठाच्या गिरणीचा घोटाळा करू नये.)

तयार खाद्याच्या या शोधाने कुत्र्याच्या तोंडाचे भले केले की वाईट, यावर मतभेद आहेत. बिस्किटे कठीण असल्याने ती चावताना दात आपोआप घासले जातात असा डंका विक्रेत्यांनी बरीच वर्षे पिटला, आणि सामान्य मनुष्याने तो निमूटपणे मान्य केला. वस्तुस्थिती अशी की ठिसूळ बिस्कीट दाताच्या शेंड्याला लागताच फुटते. हिरडीच्या कडेशी, जेथे रोगाचे मूळ असते, तेथे ते पोहोचत नाही. प्रौढ कुत्र्याला बेचाळीस दात असतात, आणि त्याची लाळ मनुष्याच्या लाळेहून अधिक अल्कधर्मी असल्याने त्याच्या दाताला कीड क्वचितच लागते. पण त्याच गुणामुळे दातांवरच्या चिकट थरात क्षार झपाट्याने बसून काही दिवसांतच त्याचे कठीण कीटण बनते. ते डोळ्यांना दिसते, म्हणून आपण त्यालाच रोग समजतो. खरा उपद्रव हिरडीखाली, दाताला जबड्याशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंच्या व हाडाच्या ऱ्हासाने चाललेला असतो, आणि तो वरून कळत नाही. वेदना लपविणे हा कुत्र्याचा जातिस्वभाव असल्याने निम्मा जबडा पोखरला गेला तरी तो वाटीतले अन्न गिळीत राहतो, आणि मालक समाधानाने सांगतो की, खाणेपिणे अगदी व्यवस्थित आहे!

परंतु याच कार्डिफच्या उत्तरेस ऱ्होंडा, टाफ, रिम्नी या नद्यांच्या खोऱ्यांत खाणकामगारांच्या ज्या वसाहती होत्या, तेथील मनुष्यांच्याच दातांची काय दशा होती हे पाहिल्यावाचून कुत्र्यांच्या दातांविषयी न्यायाने बोलता येणार नाही. दंतवैद्याची फी मजुराला परवडण्यासारखी नव्हती, आणि एक दात आज, दुसरा पुढल्या वर्षी अशा हप्त्यांनी येणारा खर्च तर मुळीच नव्हे; तेव्हा तरुणपणीच सगळे दात एकदम उपटवून कायमच्या कवळ्या बसवाव्यात हा उपाय लोकांना शहाणपणाचा वाटे. मुलीच्या लग्नापूर्वी तिचे सर्व दात काढवून तिला कवळ्या करून द्याव्यात, म्हणजे पुढे नवऱ्याला तोशीस नको, अशी रीत होती असे वेल्समध्ये अजूनही सर्रास सांगतात. याच कोळसापट्ट्यातील ट्रेडिगर गावच्या कामगारांनी पगारातून वर्गणी कापून चालविलेल्या वैद्यकसाह्य संस्थेचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून तेथील खाणकामगाराचा पुत्र अन्यूरिन बेव्हन याने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा दंतवैद्यांच्या दारी लोकांची अशी रीघ लागली की खर्चाचे सारे अंदाज कोसळले. १९५१ साली कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविण्याचे सरकारने ठरविले आणि बेव्हनने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. विनामूल्य सेवेच्या तटबंदीला जे पहिले खिंडार पडले त्यात दात होते, ही गोष्ट इतिहासकारांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी.

कुत्र्यांसाठी असा कोणी बेव्हन जन्मला नाही. मारिया डिकिन मात्र झाली. लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत १९१७ साली तिने गरिबांच्या आजारी जनावरांसाठी एका तळघरात दवाखाना उघडला, त्याचीच पुढे पीडीएसए ही संस्था झाली, आणि कार्डिफलाही तिचे इस्पितळ आहे, जेथे सरकारी साह्यावर जगणाऱ्यांच्या जनावरांवर अल्प खर्चात उपचार होतात. पदवीधर पशुवैद्यांना हा प्रकार प्रथम बिलकूल रुचला नव्हता. संस्थेतील सेवक पदवीवाचून जनावरांवर उपचार करतात हा त्यांचा आक्षेप होता, आणि १९४८ च्या पशुवैद्यक कायद्याने अशा अनुभवी सेवकांच्या नोंदणीची तजवीज केली तेव्हा कोठे ते वादळ शमले. १९६६ च्या कायद्यानंतर जनावरावर शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार नोंदलेल्या पशुवैद्यालाच राहिला. प्रशिक्षित परिचारिका त्याच्या देखरेखीखाली दात खरवडू शकते, मात्र हत्यार घालून दात उपटण्याचा अधिकार तिला नाही. शिवाय हे पशुवैद्य घडविणारे विद्यालय वेल्समध्ये नव्हतेच. मुंबईला परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघाले, पण वेल्सचा विद्यार्थी मात्र लिव्हरपूल, ब्रिस्टल किंवा लंडनची वाट धरी, आणि अ‍ॅबरिस्टविथला विद्यालय उघडण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे निद्रेकडे, वळू. जागा कुत्रा तोंड उघडे ठेवून हिरडीखाली सळई फिरवू देत नाही, हे सांगावयास ग्रंथप्रामाण्याची आवश्यकता नाही. सिम्पसन या डॉक्टराने १८४७ साली क्लोरोफॉर्मचा उपयोग जगापुढे मांडला, परंतु कुत्र्यांच्या बाबतीत ते फार घातक ठरे. १९१९ साली जनावरांच्या काही शस्त्रक्रियांत भूल सक्तीची करणारा कायदा झाला. १९३० नंतरच्या दशकात थायोपेंटोन हे शिरेतून देण्याचे औषध आले. आणि १९५६ साली मँचेस्टरमध्ये हॅलोथेन हा वायुरूपाने हुंगविण्याचा द्रव मनुष्यांवर प्रथम वापरला गेला, त्याने लवकरच पशुवैद्यांच्या टेबलाजवळही ठाण मांडले. याच सुमारास मनुष्यांच्या दंतवैद्यांच्या हाती श्राव्यातीत लहरींनी कीटण फोडणारे यंत्र आले, तेही यथावकाश कुत्र्यांपर्यंत पोहोचले. भुलीच्या या इतिहासात कार्डिफचे स्थान अगदीच नगण्य नाही. विल्यम मुशिन हे १९४७ साली येथील वैद्यकीय विद्यालयात भूलशास्त्राचा विभाग उभारण्यास आले व पुढे या विषयाचे वेल्समधील पहिले प्राध्यापक झाले. आणि भूल देताना रोगी किती व का दगावतात याचा ताळेबंद मांडणारे जे निवेदन जॉन लन व मुशिन या कार्डिफकरांनी १९८२ साली प्रसिद्ध केले, त्याने ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांना आत्मपरीक्षणाची शिस्त लावली. मनुष्यांसाठी सुरू झालेली ही मृत्यूंची मोजदाद पुढे जनावरांसाठीही झाली. २००२ ते २००४ या काळात ब्रिटनभरच्या पशुवैद्यांकडून जमविलेल्या माहितीवरून असे दिसले की भूल दिलेल्या कुत्र्यांपैकी ०.१७ टक्के दगावतात. निरोगी कुत्र्यांत हे प्रमाण ०.०५ टक्क्यांच्या आसपास, तर आजारी कुत्र्यांत ते १.३३ टक्के होते. म्हातारा कुत्रा, खराब मूत्रपिंड आणि कुजलेले दात असा त्रिवेणी संगम झाला की मालकाच्या छातीत धस्स होते ते उगीच नव्हे. आणि अंदाजपत्रकातील रक्तपरीक्षेचे कलम गाळा म्हणणाऱ्या काटकसरी गृहस्थाने निरोगी व आजारी कुत्र्यांचे हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

भूल आणि दात या दोन्ही बाबतींत ज्या कुत्र्याने पशुवैद्यांना सर्वाधिक पेचात टाकले तो ग्रेहाउंड, आणि ग्रेहाउंडचा कार्डिफशी संबंध जुना आहे. १९२८ ते १९७७ अशी जवळजवळ पन्नास वर्षे शहराच्या ऐन मध्यावर, रग्बीचे तीर्थक्षेत्र समजल्या जाणाऱ्या आर्म्स पार्कच्या आवारात, ग्रेहाउंडांच्या शर्यती होत असत. स्लोपर रस्त्यावर व्हाइट सिटी नावाचे दुसरेही मैदान होते, जेथे त्या काळचा जगप्रसिद्ध ग्रेहाउंड मिक द मिलर याने १९३० सालची वेल्सची डर्बी ही शर्यत जिंकली. आपल्याकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्यांची अंगकाठी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या जातीची कल्पना सहज येईल: सडपातळ, चरबीचा लवलेश नसलेली, नुसती स्नायूंची घडण. या घडणीतच अडचण होती. थायोपेंटोनचा अंमल उतरतो तो ते औषध रक्तातून स्नायूंत व चरबीत मुरते म्हणून. ग्रेहाउंडाच्या अंगी चरबी नाही आणि त्याचे यकृतही हे औषध संथपणे निकालात काढते, त्यामुळे इतर कुत्रा जेथे लवकर उठून बसे तेथे ग्रेहाउंड तासन् तास पडून राही. पुढे प्रोपोफॉल हे भुलीचे औषध आले तेव्हा ही चिंता पुष्कळ हलकी झाली.

आणि दात! शर्यतीच्या कुत्र्याला भिजविलेला पाव, खिमा व रस्सा असे मऊ अन्न घालावयाचे, तो पिंजऱ्याच्या गजांवर दात झिजवणार, त्याची पैदास वेगासाठी झालेली, आणि त्याच्या तोंडात ब्रश घालण्याची उसंत कोणास नाही. कारणे पशुवैद्य अशीच सांगतात, जरी त्यांतील आनुवंशिकतेचा वाटा किती यावर त्यांचे एकमत नाही. ब्रिटनमधील सुमारे बावीस हजार कुत्र्यांच्या २०१६ सालच्या दवाखाना-नोंदींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात एका वर्षात साडेबारा टक्के कुत्र्यांना हिरड्यांचा रोग असल्याचे निदान नोंदलेले आढळले. आणि हा धोका अधिक असलेल्या जातींत टॉय पूडल व किंग चार्ल्स स्पॅनियल या मांडीवरच्या चिमुकल्या कुत्र्यांच्या पंक्तीस हा लांबटांग्या ग्रेहाउंडही बसलेला होता. चिमुकल्यांचे कारण उघड आहे: पूर्ण बेचाळीस दात लहानशा जबड्यात दाटीवाटीने कोंबलेले. मैदानावर असेपर्यंत ग्रेहाउंडाच्या दातांचा प्रश्न मालक काढीतच नसे, कारण कुत्रा पायांनी पळतो, दातांनी नव्हे. निवृत्तीनंतर मात्र तो एखाद्या घरी सतरंजीवर येऊन पसरतो, आणि त्याच्या जांभईबरोबर पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणी ज्याची पर्वा केली नसती असा वास खोलीभर पसरतो.

दंतशुद्धीची गरज जी उत्पन्न झाली तिचे एक मोठे कारण मला हेच वाटते: कुत्रा अंगणातून माजघरात आला. तो पूर्वीपेक्षा दीर्घायुषी झाला, त्याची जात लहान झाली आणि त्याचे तोंड आपल्या तोंडाजवळ आले. ब्रिटिश सरकार १८७८ पासून कुत्र्यामागे साडेसात शिलिंग परवाना-पट्टी घेत असे. दशमान नाण्यांत तिचे सदतीस पेन्स झाले, वसुलीचा खर्चही निघेना, आणि १९८७ साली ती रद्द झाली. शतकाहून अधिक काळ सरकारदरबारी कुत्र्याचे मोल वाढले नाही. ते वाढले घरात.

१९९९ साली आणखी एक फरक पडला, जो त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. तोवर दवाखान्याचा मालक पशुवैद्यच असावा असा दंडक होता. तो उठविला गेला आणि भांडवलदारांना हे क्षेत्र मोकळे झाले. २०१३ साली सुमारे दहा टक्के दवाखाने मोठ्या कंपन्यांकडे होते, दहा वर्षांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेले. पुष्कळ ठिकाणी दारावर जुन्या डॉक्टरांचे नाव तसेच राहिले आणि मालकी निराळी झाली, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नव्हता. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने २०२३ साली चौकशी आरंभिली तेव्हा छप्पन्न हजारांवर लोकांनी आपली गाऱ्हाणी व अनुभव कळविले. २०१६ ते २०२३ या अवधीत पशुवैद्यकीय दर ६३ टक्क्यांनी वाढल्याचे त्याने दाखविले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तात्पुरता निर्णय देताना दवाखान्यांनी दरपत्रके जाहीर करावीत, मालक कोण ते सांगावे, पाचशे पौंडांवरील उपचारांचा अंदाज लेखी द्यावा, असे उपाय सुचविले. दंतशुद्धीचे बिल नेमके याच पाचशेच्या उंबरठ्यावर घुटमळणारे, तेव्हा या शिफारशीचा लाभ इतर कोणत्याही उपचारापेक्षा येथे अधिक होईल असे वाटते. त्या बिलावर वीस टक्के मूल्यवर्धित कर असतो हेही सांगावयास हवे. मनुष्याच्या दंतचिकित्सेला हा कर माफ आहे, आणि वेल्सच्या आरोग्यसेवेत २०२४ साली मनुष्याची दंततपासणी वीस पौंडांत, तर कवळ्यांसह सर्वांत वरच्या श्रेणीचे उपचार दोनशे साठ पौंडांत होत असत. म्हणजे मालकाच्या सबंध तोंडाचा खर्च त्याच्या कुत्र्याच्या नुसत्या दंतशुद्धीहून कमी भरू शके. अर्थात आरोग्यसेवेचा दंतवैद्य मिळाला तर, आणि तो मिळविणे हाच आज मोठा पुरुषार्थ आहे.

कार्डिफच्या कँटन, रोथ किंवा व्हिटचर्च भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही आता कुत्री आहेत, आणि ज्या घरांत आजोबांनी आयुष्यभर राखुंडीने वा बाभळीच्या काडीने दात घासले तेथे कुत्र्याच्या दातांसाठी चारशे पौंड मोजताना घरातील वडीलधारी मंडळी काय म्हणत असतील याची कल्पना करण्यास प्रतिभा लागत नाही. त्यांचा विरोध सर्वस्वी अडाणीपणाचा नाही. रोग नसताना केवळ वर्ष भरले म्हणून भूल देऊन दात चकचकीत करून आणणे मला तरी पटत नाही. रोज संध्याकाळी कुत्र्यांसाठीच केलेल्या पेस्टने (मनुष्यांची नको, कारण तिच्यात कधीकधी असणारे झायलिटॉल कुत्र्याला विष आहे) दोन मिनिटे ब्रश फिरविला तर ती पाळी पुष्कळ लांबविता येते, आणि तो खर्च महिना पाच पौंडांच्या आतबाहेर. पण हिरडी सुजली, दात हलू लागला, हिरडीतून रक्त येऊ लागले, की घरचा ब्रश एकटा पुरा पडत नाही. आणि कुत्र्यांचे केस कापणाऱ्याच्या दुकानात भुलीवाचून स्वस्तात दात ‘पांढरे’ करून मिळतात त्या मोहात पडणे म्हणजे दिसणारे कीटण काढून न दिसणारा रोग झाकणे होय. विमा या वेळी कामास येईल असे मानणाऱ्याने कागद पुन्हा वाचावेत: बहुतेक विमापत्रे नित्याची दंतशुद्धी वगळतात, आणि दातांचा रोग मान्य करतात तीही दरसाल तपासणी झाल्याचा पुरावा असेल तरच. शेवटी पुष्कळ मालक त्याच निर्णयाला येतात ज्याला खोऱ्यांतील ते खाणकामगार आले होते, की दरसाल शुद्धीचा खर्च करण्यापेक्षा खराब दात एकदाच सगळे काढून टाका. बोळका कुत्रा मऊ अन्नावर उत्तम जगतो. ही क्रूरता आहे असे समजणाऱ्यांनी दुखरा दात घेऊन काही महिने राहून पाहावे.

कार्डिफच्या उत्तरेस इस्त्राद मनाख येथे वेल्समधील शेवटचे ग्रेहाउंड मैदान आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेल्स सरकारने या शर्यतींवर बंदी घालण्याचा मनोदय जाहीर केला आणि सप्टेंबरात तसे विधेयक मांडले. बंदी १ एप्रिल २०२७ पूर्वी लागू होणार नाही आणि १ एप्रिल २०३० च्या पुढे लांबणार नाही, अशी त्यात तरतूद होती. त्या मैदानावरची कुत्री मग घरांच्या शोधात निघतील. मैदानाचा पैसा पायांवर लागत होता, आणि त्यांच्या तोंडांचा खर्च त्यांना घरी नेणाऱ्यांच्या माथी येईल. निवृत्त ग्रेहाउंड सांभाळणाऱ्या धर्मादाय संस्था पुष्कळदा कुत्रा देण्यापूर्वीच भूल देऊन त्याचे दात पाहून घेतात, आणि नव्या मालकाकडून घेतलेल्या देणगीत तो खर्च क्वचितच भरून निघतो.